जोखीम कोणाच्या माथी?

मागील पावसाळ्यात एक वृद्ध जोडपे माझ्याकडे आले. मुलगा येथे मलकपेठेत नोकरीस असल्यामुळे ते गावाहून चार दिवस राहावयास आले होते. रस्त्यासाठी त्यांच्या शेताचा एक तुकडा गेला होता आणि त्याचे पैसे नुकतेच हाती पडले होते. ओळखीच्या एका गृहस्थाने त्यांस सुचविले होते की, ही रक्कम आमच्या मंडळीकडे ठेवा. दरमहा शेकडा ३ रुपये मिळतील आणि मुद्दल मागाल तेव्हा परत. मावशींनी पिशवीतून घडी घातलेला एक छापील कागद काढून माझ्यापुढे ठेवला व विचारले, “फादर, ह्यात काही वावगे तर नाही ना?”

मी कागद दोनदा वाचला. पैसे कोणत्या धंद्यात घालणार, हे त्यात कोठेही लिहिलेले नव्हते. मी बाबांना एवढेच विचारले, “हा धंदा बुडाला, तर कोण बुडेल?” ते बराच वेळ मावशींकडे पाहत राहिले. उत्तर दोघांपाशीही नव्हते.

वाचकहो, हा प्रश्न मला ह्या शहराच्या इतिहासाने शिकविला आहे, आणि तो इतिहास आपल्या वऱ्हाडाचाही आहे. म्हणून तो आज सविस्तर सांगतो.

मलकपेठ ही मुसी नदीच्या दक्षिणेकडील वस्ती. सहाव्या निजामाच्या वेळी, १८८६ मध्ये, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान येथे आले, ते आजही आहे. त्याच निजामाच्या महबूब मॅन्शन ह्या वाड्याच्या नावाने ओळखला जाणारा बाजारही येथेच आहे. महाराष्ट्रातून कांद्याच्या गाड्या ह्या बाजारात येतात. शर्यतीत पैसे लावणारा निदान जाणून असतो की, आपण पैज लावीत आहो. कांदा घेऊन येणारा शेतकरी मात्र पैज लावावयास येत नाही. तरीही त्याच्या वर्षाच्या श्रमाचे मोल तासाभरात ठरते. येथून चादरघाटचा पूल ओलांडून कोठी भागात गेले की, उंच स्तंभांची एक भव्य इमारत लागते. आज तेथे मुलींचे विद्यापीठ आहे. पूर्वी ती इंग्रज रेसिडेंटची कोठी होती, आणि माझ्या कथेचा आरंभ तिच्याच छायेत होतो.

१८१४ च्या सुमारास विल्यम पामर नावाच्या गृहस्थाने हैदराबादेत सावकारी पेढी उघडली. बाप इंग्रज सेनापती, आई हिंदुस्थानातील खानदानी मुसलमान घराण्यातील. त्यामुळे दोन्ही समाजांत त्याची ऊठबस होती. हिंदी संस्थानिकांना इंग्रज प्रजाजनांनी परवानगीवाचून कर्ज देऊ नये, असा कायदा इंग्लंडच्या पार्लमेंटने १७९७ मध्येच केला होता. परंतु १८१६ मध्ये गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज ह्यांच्या सरकारने ह्या पेढीस त्या कायद्यातून सूट दिली. पेढीचा एक भागीदार विल्यम रम्बोल्ड हा हेस्टिंग्ज ज्या मुलीचे पालक होते तिचा पती होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या कृपेचे कारण निराळे सांगावे लागत नाही.

त्या काळी निजामाचा कारभार राजा चंदूलाल ह्यांच्या हाती होता. फौजेचे पगार थकलेले, खजिना रिकामा. पामरची पेढी शेकडा २४-२५ रुपये वार्षिक व्याजाने पैसे देऊ लागली आणि मोबदल्यात परगण्यांचा वसूल लावून घेऊ लागली. १८२० मध्ये ६० लाखांचे मोठे कर्ज ठरले. त्याच वर्षाच्या शेवटी चार्ल्स मेटकाफ हे रेसिडेंट म्हणून आले व त्यांनी हिशेब तपासावयास घेतला. ६० लाखांपैकी ८ लाख भागीदारांना बक्षिसादाखल लावलेले होते, आणि उरलेल्यातही जुनेच देणे नव्या नावाने पुढे ओढण्याचा प्रकार पुष्कळ होता. मेटकाफ ह्यांनी सुचविले की, कंपनी सरकारने शेकडा ६ च्या दराने पैसे उभे करून हे कर्ज एकदाचे फेडून टाकावे.

येथे क्षणभर थांबून हिशेब करू. आंध्र किनाऱ्यावरील उत्तर सरकार ह्या मुलुखाबद्दल कंपनी निजामास दरसाल ७ लाख रुपये देत असे. १८२३ मध्ये निजामाने हा हक्क कायमचा सोडला आणि त्याबदली सुमारे १ कोटी १६ लाख रुपये घेऊन पामरचे देणे भागविले. ७ लाख म्हणजे शेकडा ६ ने एवढ्याच रकमेचे वार्षिक व्याज. तेच ७ लाख शेकडा २४ ने मोजले, तर केवळ २९ लाखांच्या कर्जाचे व्याज भागते. मुद्दलास पैही उरत नाही. व्याजाचा दर हा कागदावरील एक लहानसा आकडा; पण तो चौपट झाला की, धन्याची पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत त्याखाली दबून जाते.

बुडण्याचे भय मोठे म्हणून व्याज मोठे, असे सावकार नेहमी सांगतो, आणि त्यात तथ्य आहे. परंतु पामरच्या पेढीमागे गव्हर्नर-जनरलची मर्जी उभी होती. जोखमीची किंमत ती घेत होती; जोखीम दुसरेच कोणी वाहत होते. आणि तो आधार सरताच काय झाले? हेस्टिंग्ज १८२३ च्या आरंभी स्वदेशी परतले, आणि १८२४ मध्ये पेढी कोसळली. मग ज्यांनी विश्वासाने तीत आपल्या ठेवी ठेवल्या होत्या, त्यांच्याही गळ्याशी आले.

दुसऱ्या एका पेढीची गत ह्याहून निराळी झाली. पेस्तनजी व विकाजी ह्या पारशी व्यापाऱ्यांनी १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस प्रथमच मोठ्या प्रमाणात मुंबईस नेला. पुढे त्यांनी निजाम सरकारास मोठ्या रकमा दिल्या आणि वऱ्हाडातील वसूल तारण म्हणून घेतला. १८४० नंतरच्या काही वर्षांत सरकारने ते तारण परत काढून घेतले आणि पेढी बुडाली. दाद मागण्यासाठी ती मंडळी विलायतेपर्यंत गेली, परंतु हाती काही आले नाही. दुर्बल ऋणकोकडून सावकार सर्वस्व घेतो आणि बलाढ्य ऋणको सावकारालाच बुडवितो. ह्या दोहोंच्या मध्ये होता वऱ्हाडचा कुणबी. वसुलाचा मक्ता आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. प्रत्येकाला आपली रक्कम आपल्या मुदतीत काढून घ्यावयाची. ह्या कर्जाच्या कोणत्याच कागदावर त्या कुणब्याचा अंगठा नव्हता.

आता शेवटचा अंक. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील एक फौज, हैदराबाद कंटिंजंट, निजामाच्या खर्चाने पोसली जात असे. शांततेच्या काळीही ती बाळगावी, असे तहात कोठे नव्हते. तरी वर्षाला सुमारे ४० लाखांचा बोजा पडे. पैसे थकले की कंपनी ते कर्ज म्हणून मांडी. देणे ४० लाखांच्या पुढे गेले, तेव्हा २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिवचा मुलूख आणि रायचूरचा दुआब कंपनीच्या ताब्यात गेला. १८६० मध्ये ५० लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव व रायचूर परत आले; वऱ्हाड मात्र आले नाही. वसुलातील शिल्लक निजामास मिळावयाची होती, परंतु हिशेब सावकाराच्याच हाती असल्यामुळे कारभाराचा खर्च वजा जाता शिल्लक अशी थोडीच उरे. दिवाण सालारजंग ह्यांनी फौजेच्या खर्चासाठी रोख रक्कम ठेवण्याची तयारी दाखवून प्रांत परत मागितला. तो मिळाला नाही. १९०२ मध्ये वार्षिक २५ लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिले. नको असलेल्या फौजेचे थकलेले पगार, त्यापायी अमरावती-अकोल्यापासून यवतमाळ-बुलढाण्यापर्यंतचा काळ्या मातीचा मुलूख गेला!

मध्ययुगात व्याजाचा विचार करताना संत थॉमस अक्वायनस ह्यांनी एक सूक्ष्म भेद केला होता. जो आपले पैसे व्यापाऱ्यास भागीदारीने देतो, त्याचे पैसे बुडण्याचे भय त्याच्याच माथी असते; म्हणून नफ्यातील वाटा मागण्याचा त्यास अधिकार आहे. जो मात्र पैसे देऊन सर्व भय दुसऱ्यावर टाकतो आणि तरीही वाढ मागतो, त्याची गोष्ट वेगळी. पुढे काळ बदलला, माफक व्याज सर्वमान्य झाले. तथापि हा भेद आजही प्रत्येक व्यवहारास लावून पाहण्याजोगा आहे.

लावून पाहू या. १८६१ ते १८६५ ह्या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात हिंदी कापसाला सोन्याचे मोल आले. सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव उतरले. कर्जाचा आकडा मात्र उतरला नाही. पुढे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा करावा लागला. भाव ठरत होता लिव्हरपूलला आणि त्याची जोखीम होती सुप्याच्या कुणब्यावर.

फार दूर कशाला जावे? २०१० मध्ये ह्याच हैदराबादेत बसून गावोगावच्या स्त्रियांना लहान कर्जे देणाऱ्या कंपन्या भरभराटीस आल्या होत्या. एकीचे शेअर ऑगस्टमध्ये बाजारात आले, तेव्हा त्यावर उड्या पडल्या. दर आठवड्यास हप्ता. एकीने चुकविला तर गटातील इतर जणींनी भरावयाचा. एकेका घरावर तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जे चढली. वसुलीचा जाच व आत्महत्या ह्यांच्या वार्ता आल्या, आणि ऑक्टोबरात आंध्र प्रदेश सरकारने वटहुकूम काढून वसुलीस आळा घातला. त्यानंतर फेड जवळजवळ थांबली आणि कंपन्याही संकटात सापडल्या. २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने ह्या कर्जांवर शेकडा २६ ची मर्यादा घातली. पामरच्या दराहून ती फारशी निराळी नव्हती! २०२२ मध्ये व्याजाच्या दरावरील अशी मर्यादाच काढली गेली. त्याऐवजी नियम असा की, अशा कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत. हा नियम प्रत्येक घराने भिंतीवर लिहून ठेवावा.

आता आपल्या तरुणांसाठी दोन शब्द. भ्रमणध्वनीवर वायद्याचे सौदे करणारी मुले हल्ली गावोगावी दिसतात. सेबी ह्या सरकारी संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले की, आदल्या तीन आर्थिक वर्षांत असे सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी शेकडा ९३ जणांना तोटा झाला. चांगल्या कंपनीचे शेअर स्वतःच्या शिलकीतून घेऊन वर्षानुवर्षे ठेवणे ही भागीदारी होय. त्यात बुडाले तर घातले तेवढेच बुडते. उसन्या पैशांवर वायदा खेळणे हे आमच्या मलकपेठेच्या मैदानावर दुसऱ्याचा घोडा लावण्यासारखे आहे. फरक इतकाच की, मैदानावर त्यास कोणी गुंतवणूक म्हणत नाही.

मग कर्ज घेऊच नये काय? तसे नव्हे. विहिरीसाठी, गाईसाठी, शिक्षणासाठी घेतलेले माफक कर्ज घर उभे करते. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात राइफायझन नावाच्या एका जर्मन ग्रामाधिकाऱ्याने गरीब शेतकऱ्यांच्या पतपेढ्या स्थापल्या. त्यांत सर्व सभासद एकमेकांच्या कर्जास बांधलेले असत. म्हणून कर्ज कोणास, कशासाठी व किती द्यावे, ह्याचा विचार गावातच होई. त्याच धर्तीवर १९०४ मध्ये आपल्याकडे सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, आणि १९१८ मध्ये वसईच्या कॅथोलिक बांधवांनी आपली पतपेढी काढली, जिची आज मोठी बँक झाली आहे. देणारा व घेणारा एकाच नावेत बसले की, दोघेही नाव जपून हाकतात.

तेव्हा कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी काही गोष्टी ताडून पाहा. ठेव बँकेत असेल, तर २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीस विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्था, भिशी किंवा खाजगी मंडळी ह्यांना हा विमा नाही. कोणी जामीन राहण्यास सांगितले, तर स्मरण ठेवा की, १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. लाभात त्याचा वाटा शून्य, जोखमीत पूर्ण. मुरवतीखातर केलेल्या एका सहीने भावाभावांत वैर आल्याचे मी पाहिले आहे. आणि कोणी दरमहा शेकडा ३ देऊ म्हणाले, तर ते वर्षाला ३६ होतात. एवढे तो कोणत्या धंद्यातून कमावतो, हे त्याला विचारा. सरळ उत्तर आले नाही, तर ते पैसे बहुधा तुमच्यामागून येणाऱ्या ठेवीदाराच्या खिशातून यावयाचे असतात.

त्या संध्याकाळी हे सर्व मी बाबांना थोडक्यात सांगितले. त्यांनी कागदाची घडी केली आणि जाता जाता दारात थांबून म्हणाले, “म्हणजे बँकेतच ठेवू. पण फादर, व्याज फार कमी पडेल हो.”

“होय,” मी म्हणालो, “कमीच पडेल.”

मावशींनी तो कागद त्यांच्या हातून घेतला आणि पुन्हा पिशवीत ठेवला. चूल पेटवावयास होईल, असे त्या म्हणाल्या.