ना चावी, ना गिअर : जुन्या सीगलची करामत

छोट्या होडीच्या पाठीमागे अडकवायचं एक इंजिन. त्याला बॅटरी नाही, चावी नाही, उलटा गिअर नाही आणि बंद करायचं बटणही नाही. याचं नाव ब्रिटिश सीगल. 1931 साली वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन मार्स्टन कंपनीत ते जन्मलं. पुढे डॉर्सेटमधल्या पूल बंदरात त्याचा कारखाना आला, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने ते हजारोंनी घेतलं आणि इंग्लंडच्या खाड्यांमधून ते आजही फटफटताना दिसतं. यातलं 64 सीसीचं, क्लच नसलेलं छोटं ‘फॉर्टी’ चालवायला घेतलं, की आधुनिक इंजिनं आपल्यापासून किती गोष्टी लपवून ठेवतात ते कळतं.

सुरुवात टाकीच्या झाकणापासून. झाकणावर एक बारीक स्क्रू असतो, तो आधी सैल करायचा. टाकीतून पेट्रोल खाली उतरायचं तर त्याच्या जागी वरून हवा आत यायला हवी. स्क्रू घट्टच राहिला तरी इंजिन सुरू होतं, थोडा वेळ छान चालतंही. मग टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल थबकतं आणि होडी किनाऱ्यापासून लांब गेल्यावर आवाज बंद! पेट्रोल पंप असा नाहीच. गुरुत्वाकर्षण फुकट मिळतं म्हणून टाकी वर बसवली आहे.

आता पेट्रोलची तोटी ओढून उघडायची आणि कार्ब्युरेटरवरचा टिकलर दाबायचा. जावा-येझदी मोटरसायकल चालवलेल्यांना हा बारकासा खटका आठवत असेल. आत पेट्रोलवर एक फ्लोट तरंगत असतो. पातळी वाढली की तो वर येतो आणि पेट्रोलची वाट बंद करतो. टिकलर त्याला दाबून धरतो, वाट उघडीच राहते आणि कार्ब्युरेटर पेट्रोल ओसंडेपर्यंत भरतो. एवढी उधळपट्टी कशासाठी? थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि जळते ती वाफ. म्हणून जास्त पेट्रोल आत पाठवायचं, त्यातला काही भाग तरी वाफ होईलच. चोकची झडप हवा अडवते, तीही याच हिशोबाने. आजच्या गाडीत हा अंदाज सेन्सर आणि संगणक बांधतात. इथे तो बोटाच्या टोकावर आहे.

पेट्रोलमध्ये ऑइल मात्र आधीच मिसळलेलं हवं. टू-स्ट्रोक स्कूटरच्या जमान्यातल्या वाचकांना पंपावरचं ते मिश्रण ठाऊक आहे, पण जुन्या सीगलचं प्रमाण ऐकून तेही चकित होतील: दहा भाग पेट्रोलला एक भाग ऑइल! धूर निळा येणारच, पाण्यावर तवंगही येणार. या इंजिनाची ही बाजू कौतुकाची नाही. पुढच्या मॉडेलांत हे प्रमाण 25 ला 1 वर आलं.

मग दोरी. तिच्या टोकाची गाठ वरच्या उघड्या चाकाच्या खाचेत अडकवायची, वेढे द्यायचे आणि हिसका मारायचा. दोरी पूर्ण सुटून हातात येते. हे चाक, म्हणजे फ्लायव्हील, हाच विजेचा कारखाना. त्यात चुंबक बसवलेलं असतं. ते तारेच्या वेटोळ्यासमोरून झपकन गेलं की वीज निर्माण होते. नेमक्या क्षणी एक छोटी जोडणी उघडून तो प्रवाह तोडते आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उसळून स्पार्क प्लगला ठिणगी पडते. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेला नियम तुमच्या दंडातल्या जोरावर चालतो. हिसका हळू बसला तर चुंबक सावकाश फिरतं, ठिणगी मरतुकडी पडते. म्हणून अनुभवी माणूस दोरी अनेकदा नव्हे, जोरात ओढतो.

आणि खरी गंमत इथून पुढे. न्यूट्रल नसल्यामुळे पहिल्या ठिणगीसरशी प्रोपेलर फिरू लागतो. थ्रॉटल आधीच बऱ्यापैकी उघडा ठेवलेला असतो, म्हणजे होडी तत्काळ निघते. होडी बांधलेला दोर सोडलेला हवा, नाक मोकळ्या पाण्याकडे हवं, आणि उभं राहून दोरी ओढणाऱ्याने आपला तोल सांभाळायला हवा. ब्रेक नाहीच. धक्क्याला लागताना किती आधी इंजिन बंद करायचं, हे वारा आणि भरती-ओहोटी पाहून ठरवायचं.

दिशा बदलायला इंजिनाला पुढे एक दांडा असतो. तो डावीकडे नेला की होडी उजवीकडे वळते. मालवणला आऊटबोर्डच्या होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेला असाल, तर तांडेलाचा हात असा उलटा जाताना पाहिला असेल. इथे सुकाणूचं पातं वेगळं नसतं, अख्खं इंजिनच वळतं. दांडा डावीकडे गेला की प्रोपेलर होडीचा मागचा भाग डावीकडे ढकलतो, साहजिकच नाक उजवीकडे जातं. इंजिन बंद पडलं की वळवण्याची ताकदही जवळपास संपली. वल्ही बरोबर हवीतच.

प्रोपेलर ओंडक्यावर आपटला तर? बऱ्याच इंजिनांत अशा वेळी एक पिन तुटते आणि प्रवासी अडकून पडतो. सीगलमध्ये प्रोपेलरला फिरवणारी एक जाड स्प्रिंग आहे, ती धक्का पोटात घेते. मला या यंत्रातला सर्वांत शहाणा भाग हाच वाटतो.

थांबवायचं म्हणजे उपाशी मारायचं: थ्रॉटल पूर्ण मिटायचा. दिवसाची शेवटची फेरी असेल तर त्याऐवजी पेट्रोलची तोटी बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू द्यायचं. नाहीतर पेट्रोल उडून जातं, ऑइल मागे राहतं आणि कार्ब्युरेटरमधलं केसाएवढं छिद्र बुजवून टाकतं. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं असं इंजिन कधी हाती आलंच, तर दोरीला हात लावण्याआधी ते छिद्र साफ करा. आणि ओढताना मागे कोणी बसलेलं नाही, एवढं नक्की बघा. सुटलेली दोरी चाबकासारखी लागते.