मृदसंधारण: अधिकार आणि निधी
१९३०च्या दशकात धुळीच्या वादळांनी अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील सुपीक माती उडवून नेली आणि १९३५मध्ये केंद्रीय मृदसंधारण सेवा स्थापन झाली. परंतु खाजगी शेतांतील कामे शेतकऱ्यांच्या सहभागाविना होणारी नव्हती. म्हणून १९३७मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी राज्यांना नमुना कायदा पाठविला. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनात ब्राउन क्रीक हा पहिला ‘मृदसंधारण जिल्हा’ अस्तित्वात आला. आज असे सुमारे ३,००० जिल्हे आहेत. हा महसुली जिल्हा नव्हे, तर स्थानिक संस्था आहे. तिचा कारभार मुख्यतः स्थानिकांनी निवडलेले मंडळ पाहते.

खरी अडचण निधीची. अनेक राज्यांत या संस्थांना कर आकारता येत नाही. अनुदान आटले की कर्मचारी टिकविणेही कठीण होते. नेब्रास्काने १९७२मध्ये १५४ लहान संस्थांचे विलीनीकरण करून नदीखोऱ्यांनुसार २४ नैसर्गिक संसाधन जिल्हे आखले आणि त्यांना मालमत्ता कराचा अधिकार दिला.

आपल्याकडील पाणलोट समित्यांपुढेही हाच प्रश्न आहे. २००८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी लाभार्थ्यांच्या वाट्यातून पाणलोट विकास निधीची तरतूद केली, ती प्रकल्पोत्तर देखभालीसाठी. विस्तार कार्यकर्त्यांनी त्या निधीचा हिशेब ग्रामसभेपुढे नियमित मांडला जाईल, हे पाहावे. देखभालीविना बांध फार काळ टिकत नाहीत.