दवाखाना बांधताना (भाग ६) : एक्स-रेच्या खोलीची भिंत

मागच्या आठवड्यात ऑपरेशन थिएटरमधल्या हवेबद्दल लिहिलं होतं. आज एक्स-रेची खोली.

रुग्ण या खोलीत काही मिनिटं असतो आणि फोटोचा त्याला उपयोग होतो. भिंतीपलीकडच्या माणसाला यातून काहीच मिळत नाही, आणि तो तिथे वर्षभर बसतो. शेजारच्या दुकानातला हिशेबनीस असेल, वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड असेल. खोलीचं गणित मांडायचं ते त्याच्यासाठी. सर्वसामान्य माणसासाठी किरणांच्या माऱ्याची वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे, क्ष-किरणांसोबत काम करणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी.

भिंतीवर किरण दोन तऱ्हेने येतात. थेट झोत टेबलाखालच्या जमिनीवर पडतो, किंवा छातीचा फोटो काढताना चेस्ट स्टँडमागच्या भिंतीवर. रुग्णाच्या अंगावरून विखुरलेले किरण मात्र चहूकडे जातात. ते पुष्कळ क्षीण असतात, एक मीटरवर साधारण हजारावा भाग. म्हणूनच अणुऊर्जा नियामक मंडळाच्या रूढ मार्गदर्शनात थेट झोतासमोर ३५ सेंटिमीटर विटेची भिंत आणि इतरत्र २३ सेंटिमीटरची, म्हणजे आपली नऊ इंची, असा फरक केलेला आहे. दाराला १.७ मिलिमीटर शिसं लागतं. ते नऊ इंची विटेइतकंच काम करतं. दीड मिलिमीटर शिशातून हे किरण जवळजवळ जातच नाहीत, अशी नोंद क्ष-किरणांचा शोध लावणाऱ्या राँटगेन यांनी १८९५ च्या पहिल्याच निबंधात केली होती.

पण नुसती जाडी मोजून भागत नाही. किरण अडवतं ते भिंतीतलं द्रव्य. भरीव भाजलेल्या विटेच्या एका घनमीटरचं वजन सुमारे १६०० किलो. हल्ली सर्रास वापरल्या जाणाऱ्या सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकचं जेमतेम ६०० च्या आसपास. भिंत नऊ इंचीच दिसते, गिलावा झाल्यावर तर फरक कळतही नाही, आणि किरण मात्र कितीतरी जास्त पलीकडे जातात. भाड्याच्या गाळ्यात यंत्र बसवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने भिंत कशाची आहे हे आधी विचारावं, असं मला कळकळीने वाटतं. हलकी निघाली तर शिशाचा पत्रा किंवा बेरियमचं प्लास्टर हा उपाय आहे.

चांगल्या भिंतीतही चोरवाटा राहतात. स्विचबोर्डसाठी खोदलेला कोनाडा, पाइपचं भोक, दार आणि चौकट यांमधली फट. दाराचं शिसं चौकटीवर चांगलं चढलेलं हवं. शिसं मऊ आणि जड, नुसतं ठोकलं तर वर्षा-दोन वर्षांत स्वतःच्या भाराने खाली ओघळू शकतं. म्हणून सुतार ते प्लायवूडच्या दोन थरांत दाबून बसवतात. उघडी खिडकी ठेवायचीच असेल तर बाहेरच्या जमिनीपासून दोन मीटरच्या वर.

अंतर हीसुद्धा भिंतच आहे. अंतर दुप्पट झालं की मारा चौथाईवर येतो. नियामक मंडळाच्या २००१ च्या संहितेत खोलीला किमान १८ चौरस मीटर सांगितले होते, त्यामागे हेही कारण आहे. वर-खाली माणसं राहत असतील तर स्लॅबची जाडीही तपासावी लागते. हे सगळं नकाशावरच ठरवावं. गिलाव्यानंतर भिंत जाड करणं कुणालाच परवडत नाही.

सीटी स्कॅनमध्ये मुख्य झोत समोरच्या डिटेक्टरवरच अडतो, तरी तिथली भिंत आणखी भक्कम का लागते, ते पुढच्या आठवड्यात.