पत्रास कारण की...

लेखमाला : परदेशी गिऱ्हाईक (भाग ६)

१९७८ च्या मे महिन्यात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी संगणक कंपनीचा मार्केटिंग मॅनेजर गॅरी थुर्क माणसं जमवण्याच्या खटपटीत होता. कंपनीचा जोर पूर्व किनाऱ्यावर, आणि नव्या डेक्सिस्टिम-२० संगणकाची दोन प्रात्यक्षिकं ठरली होती कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिस आणि सॅन मटेओ इथं. आज ज्याला इंटरनेट म्हणतात त्याचा पूर्वज असलेलं आर्पानेट तेव्हा मोजक्या प्रयोगशाळा आणि विद्यापीठांपुरतं होतं. त्याच्या वापरकर्त्यांची छापील निर्देशिका निघत असे. थुर्कनं तीतून पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे चारशे पत्ते निवडले, सहकाऱ्याकडून टाइप करून घेतले आणि सगळ्यांना एकच मेल धाडला. पत्ते इतके झाले की ठरलेल्या जागेत मावेनात. उरलेले खाली मजकुरात सांडले.

सरकारी पैशावर चाललेलं जाळं आणि त्यावर जाहिरात! तक्रारी झाल्या, कंपनीला समज मिळाली. थुर्क मात्र पुढं सांगत राहिला की त्या एका मेलमुळे एक कोटी डॉलरहून जास्त धंदा झाला. आकडा विकणाऱ्याच्याच तोंडचा आहे, तेव्हा त्यातला थोडा बाजूला काढून ठेवायला हरकत नाही.

‘जगातला पहिला स्पॅम’ म्हणून हा मेल बदनाम आहे. पण तो कुणाला गेला हे पाहिलं की चित्र वेगळं दिसतं. ज्यांना तो मिळाला ती माणसं रोज संगणकावर काम करणारी होती, त्यांतले कित्येक याच कंपनीच्या जुन्या यंत्रांवर. नव्या यंत्रात आर्पानेटला जोडण्याची सोय आधीच होती, म्हणजे माल त्यांच्या कामाचा होता. आणि मागणी एवढीच होती, की आठवड्याभरात तुमच्या भागात येतोय, बघायला या. आजच्या विक्रेत्यांनी थुर्ककडून चारशेचा आकडा तेवढा उचलला आणि त्याचे चाळीस हजार केले. निवड आणि निमंत्रण मागेच राहिलं.

मागच्या भागात परदेशी खरेदीदारांची यादी कशी करायची ते पाहिलं. आता प्रश्न मजकुराचा. कधी न भेटलेल्या, आपलं नावही न ऐकलेल्या माणसानं मेल वाचून उत्तर द्यावं, हे घडतं कशानं?

योगायोग असा, की याचं एक उत्तर त्याच १९७८ साली प्रसिद्ध झालं. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये विद्यापीठातल्या झेरॉक्स यंत्रापाशी एक प्रयोग केला. कुणी प्रती काढायला आलं की प्रयोगातला माणूस जाऊन म्हणे, ‘माझी पाचच पानं आहेत, आधी काढू का?’ एवढंच विचारलं तर ६० टक्के लोक हो म्हणाले. ‘मला घाई आहे’ असं कारण जोडलं तर ९४ टक्के. आणि ‘कारण मला प्रती काढायच्यात’ असं पोकळ कारण दिलं, तरी ९३ टक्के.

विक्रीच्या वर्गांतून हा प्रयोग बहुतेक वेळा इथंच थांबवून सांगितला जातो : कारण द्या, कसलंही द्या. त्याचा उत्तरार्ध जास्त कामाचा आहे. पाचाऐवजी वीस पानं म्हटल्यावर पोकळ कारण देणाऱ्यांना २४ टक्क्यांनीच होकार दिला, आणि कारण न देणाऱ्यांनाही तेवढ्याच जणांनी. खरं कारण सांगणाऱ्यांना ४२ टक्क्यांनी. मागणी क्षुल्लक असेल तर माणूस कारण तपासत बसत नाही. ती मोठी झाली की तपासतो. आणि अनोळखी माणसाकडे अर्ध्या तासाची मीटिंग मागणं ही वीस पानांचीच मागणी आहे. तेव्हा मागणी पाच पानांवर आणावी, किंवा कारण खरं असावं. दोन्ही जमलं तर उत्तमच.

शाळेत पत्रलेखन शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ‘पत्रास कारण की’ ठाऊक असतं. निर्यातीच्या मेलमधून नेमकं तेच गळालं आहे.

समजा, सोलापुरातला एक टेरी टॉवेलचा कारखानदार मँचेस्टरमधल्या, हॉटेलांना टॉवेल-चादरी धुऊन भाड्यानं पुरवणाऱ्या कंपनीला लिहितो आहे. नेहमीचा मेल कसा असतो ते सांगायला नको. ‘डिअर सर/मॅडम, ग्रीटिंग्ज ऑफ द डे’, मग आम्ही अग्रगण्य उत्पादक, मग स्थापनेचं साल, वडिलांनी लावलेले पहिले माग, आयएसओ प्रमाणपत्र, बारा देशांची नावं, आणि शेवटी जोडलेला भला थोरला कॅटलॉग. ‘काइंडली रिव्हर्ट’ म्हणून निरोप. यात खोटं काहीच नसतं. पण वाचणाऱ्याचा त्यात उल्लेखही नसतो. तोच मेल सुरतेहून सायकलचे सुटे भाग विकतानाही चालला असता.

त्याच कारखानदारानं अर्धा तास त्या कंपनीची वेबसाइट वाचली, तर मेल असा होऊ शकतो (जाईल अर्थात इंग्रजीत) :

विषय : जिमसाठीचे टॉवेल

‘नमस्कार. यंदापासून तुम्ही हॉटेलांबरोबर जिमनाही टॉवेल पुरवता असं तुमच्या वेबसाइटवर वाचलं, म्हणून लिहितो आहे. जिमचा टॉवेल जास्त वेळा धुतला जातो आणि आधी काठाला विरतो. आम्ही सोलापुरात ४५० जीएसएमचा, काठाला दुहेरी शिवण असलेला टॉवेल बनवतो. दोन नग पाठवले, तर तुमच्या लाँड्रीत पन्नास वेळा धुऊन बघाल का? नको असल्यास तेवढं कळवा. पुन्हा लिहिणार नाही.’

कारखान्याचा इतिहास गेला, वडील गेले, बारा देश गेले. कारखानदाराला हे जड जातं आणि ते समजण्यासारखं आहे. पण ती माहिती दुसऱ्या मेलला लागते, पहिल्याला नाही. इथं उत्तर म्हणून ‘पाठवा’ आणि पत्ता एवढं पुरतं. शिवाय माल ज्या जागी तपासला जाणार तिथंच तो तपासायला दिला आहे. ‘आमचा दर्जा सर्वोत्तम’ म्हणण्यापेक्षा पन्नास धुलायांची तयारी दाखवणं जास्त बोलकं आहे. (टॉवेल तेवढ्या धुलाया टिकत नसेल, तर हा मेल पाठवू नये, हे वेगळं सांगायला नको.)

लांबीबद्दल एक आकडा वारंवार दिला जातो. ‘बूमरँग’ या ईमेल-सेवेनं २०१६ साली चार कोटींहून जास्त मेल तपासले, तेव्हा ५० ते १२५ शब्दांच्या मेलना सर्वाधिक उत्तरं आल्याचं दिसलं. प्रमाण पन्नास टक्क्यांच्या किंचित वर. ते पाहून हुरळू नये. त्यात ओळखीच्यांचे, ऑफिसमधल्यांचे, सगळ्याच प्रकारचे मेल होते. अनोळखी मेलला शंभरात पाच खरी उत्तरं आली तरी धंदेवाला खूश असतो. लांबीचा इशारा मात्र घ्यावा. त्याच पाहणीत सोप्या, तिसरीतल्या मुलाला कळेल अशा भाषेतल्या मेलना जास्त उत्तरं होती, हेही.

योग्य माणूस कोण हेच माहीत नसेल तर? सेल्सफोर्सच्या विक्रीची घडी बसवणाऱ्या ॲरन रॉस यांनी २०११ च्या ‘प्रेडिक्टेबल रेव्हेन्यू’ या पुस्तकात एक युक्ती मांडली. वरच्या अधिकाऱ्याला माल विकायचा नाही; छोटा, साधा मेल करून एवढंच विचारायचं, की तुमच्याकडे हे काम कोण बघतं? त्यानं मेल पुढं सरकवला की खालच्या माणसाकडे तो साहेबाकडून येतो. तालुक्याच्या कचेरीत काम करून घेतलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

आता नळजोडणीचं काम, म्हणजे मेल पोचण्यामागची तांत्रिक बाजू. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांवर कडक नियम लावले. आपल्या डोमेनला एसपीएफ किंवा डीकिम ही ओळखपत्रं हवीतच. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीमार्क आणि एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय. तक्रारींचं प्रमाण हजारात तीनच्या खाली ठेवावं लागतं. वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाला सांगितलं तर हे तासाभराचं काम आहे. आणि ‘मेल किती जणांनी उघडला’ हे मोजण्याचा नाद सोडावा. २०२१ मध्ये ॲपलनं आपल्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची जी सोय आणली, तिच्यामुळे न वाचलेला मेलही उघडल्यासारखा दिसतो. मोजायची तर उत्तरं मोजावीत.

कायद्याकडे मात्र आपल्याकडचे निर्यातदार फारसं बघत नाहीत, आणि इथं देशागणिक फरक आहे. अमेरिकेत जानेवारी २००४ पासून लागू असलेल्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार आधी परवानगी लागत नाही. पण टपालाचा खरा पत्ता द्यावा लागतो, ‘नको’ म्हणणाऱ्याचं नाव दहा कामकाजाच्या दिवसांत काढावं लागतं आणि विषयाची ओळ फसवी चालत नाही. जुनाच पत्रव्यवहार असल्याचा आव आणून विषयात ‘री:’ घालण्याची चलाखी तिथं अंगाशी येऊ शकते. ब्रिटनमध्ये लिमिटेड कंपनीला लिहिता येतं, एकट्या मालकाच्या धंद्याला परवानगीशिवाय नाही. कॅनडात २०१४ पासून सहसा संमती लागते. आणि जर्मनीत अनुचित स्पर्धेविरुद्धच्या कायद्याचं कलम ७ कंपन्यांनाही लागू आहे : आधी स्पष्ट संमती नसेल तर जाहिरातीचा मेल नाही. म्हणजे मँचेस्टरला जाणारा वरचा मेल जसाच्या तसा हँबर्गला पाठवता येणार नाही. तिथल्या खरेदीदाराला गाठायचं, तर जानेवारीत फ्रँकफर्टला भरणारं हाइमटेक्स्टिल प्रदर्शन आहे. नाहीतर तिकीट लावून टपालानं पत्र, ते चालतं.

उत्तर आलं नाही तर आठवड्यानं त्याच मेलच्या खाली दुसरा जावा, पण काहीतरी नवं घेऊन : पन्नास धुलायांनंतरच्या काठाचा फोटो, किंवा कमीत कमी किती नगांची ऑर्डर घेता तो आकडा. ‘माझा मेल मिळाला का?’ यात नवं काही नसतं. तिसऱ्या मेलनंतर थांबावं आणि त्या नावापुढे तारीख टाकून सहा महिन्यांनी बघावं. तोवर तिथला खरेदी बघणारा माणूस बदललेलाही असतो.

पुढच्या भागात : टॉवेल पसंत पडला आणि भाव विचारला. न्हावाशेव्यापर्यंतचा एफओबी सांगायचा की ब्रिटनच्या बंदरापर्यंतचा सीआयएफ?