चारीला पाटकरी, वर्कशॉपला स्विच



ऊस विकास खात्याच्या पानावर या खेपेस बेणे-खते सोडून संगणकाच्या वायरींबद्दल लिहितो आहोत, याचे नवल वाटेल. पण १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे भोसरी-चिंचवड वाढले, २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. आपल्यातल्या कैक सभासदांची मुले आज त्या पट्ट्यात वर्कशॉप चालवतात आणि भांडवल उसाच्या बिलातून गेलेले असते. प्लॉट पाहायला गेलो की बांधावर विचारणा होते, "साहेब, पोरगा म्हणतो मॅनेज्ड स्विच घ्यायचा. साधा स्वस्तातला का नाही चालत?"

साधा स्विच म्हणजे पाटकरी नसलेली चारी. पाणी सगळ्यांना जाते, पण हेडवाला मोटार लावून बसला की टेलचा कोरडा! एका कॅमेऱ्याला सेकंदाला ४ मेगाबिट धरले तर १६ कॅमेऱ्यांचे ६४ होतात. मुख्य वायर १०० मेगाबिटची असेल तर निम्म्याहून जास्त वाट त्यांनीच खाल्ली. मग बिले, गेटपास, सीएनसी मशीनचे प्रोग्राम अडकतात. मॅनेज्ड स्विच कॅमेरे, ऑफिस, मशीन यांच्या चाऱ्या वेगळ्या पाडतो (यालाच व्हीलॅन म्हणतात) आणि कुणाला आधी सोडायचे तेही ठरवून देता येते.

दुसरी गोष्ट याहून मोठी. कुणी गड्याने एकाच वायरीची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये खोचली तर साध्या स्विचवर माहिती गरगर फिरत राहते आणि अख्खे वर्कशॉप ठप्प होते. मोठ्या कंपनीचा माल तासावर द्यायचा असतो, तिथे हे परवडत नाही. मॅनेज्ड स्विचमधली स्पॅनिंग ट्री चालू ठेवली तर तो ते दार आपोआप बंद करतो.

वेगाचा मोह मात्र आवरावा. मशीन, संगणक यांना दर दाराला एक गिगाबिट भरपूर झाले. दहा गिगाबिटची दोन दारे सर्व्हरकडे किंवा दुसऱ्या शेडकडे असली की पुरे. तांब्याची वायर १०० मीटरपर्यंतच धरावी. दोन शेडमध्ये फायबरच टाकावी. तिच्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे विजेचा कडकडाट आणि वेल्डिंगचा त्रास दोन्ही टळतात.

कॅमेऱ्यांना वीजही त्याच वायरीतून द्यायची असेल तर दुकानदार "२४ दारे" म्हणतो तिथे थांबून एकूण वॅट विचारा. प्रत्येक दाराला १५.४ वॅट धरले तर २४ दारांना ३७० च्या आसपास लागतात. स्विच एकूण १९० च देत असेल तर सगळी दारे एकदम पूर्ण चालणार नाहीत. आज १४ वायरी असतील तर २४ दारांचाच घ्यावा. शेड वाढते, नवे मशीन येते.

आता आमचे स्पष्ट मत. चार-पाच संगणक, कॅमेरे नाहीत, सेटिंग करणारे माणूस नाही, अशा जागी मॅनेज्ड स्विच घेऊ नये. पाटकरी नेमायचा आणि चावी कुणाकडेच द्यायची नाही, असला तो प्रकार होतो. घेतलाच तर पहिल्या दिवशी कंपनीचा पासवर्ड बदलावा आणि सेटिंगची प्रत पेनड्राइव्हवर काढून बिलाच्या फायलीत ठेवावी. बिघडल्यास बदली स्विच किती दिवसांत मिळेल, हे दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्यावे.