राणीवर फासलेला हरताळ

औसा, उदगीर आणि कंधार हे किल्ले अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने बिदरच्या बरीदशाहीकडून जिंकून घेतले. त्याचा मुलगा हुसेन 1565 साली तालिकोटच्या लढाईत विजयनगरविरुद्ध उतरला. या हुसेनचं गुणगान करणारं आफताबी कवीचं फारसी काव्य म्हणजे ‘तारीफ-ए-हुसेनशाही’. त्याची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनच्या सर्वांत जुन्या सचित्र हस्तलिखितांत तिची गणना होते.

प्रतीतली 12 चित्रं आज उरली आहेत. त्यांत हुसेनसोबत राणी खुंजा हुमायूं होती. होती म्हणायचं, कारण बहुतेक ठिकाणी तिची आकृती पुसलेली किंवा रंगाखाली झाकलेली आहे. लढाईच्याच वर्षी हुसेन वारला, राणीने मुलाच्या नावाने राज्य चालवलं आणि 1569 मध्ये त्याच मुलाने, मुर्तझाने, तिला कैद केलं. चित्रांतून तिची उचलबांगडी त्यानंतरच झाली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

पण जुने रंग सहजासहजी गप्प बसत नाहीत. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक, हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक, सफेदा शिशाचा, हिरवा जंगाल तांब्याचा. क्ष-किरण टाकले की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडतं. कागदाचा कणही न खरवडता रंग ओळखता येतो. अवरक्त प्रकाश इथे त्याहून उपयोगी. बऱ्याच रंगांतून तो आरपार जातो, काजळीची शाई मात्र त्याला शोषून घेते. त्यामुळे वरच्या थराखालची मूळ रेघ कॅमेऱ्यात काळी उमटते. राणीवर नुसता रंग चढवला असेल तिथे ती अशी दिसू शकेल. खरवडूनच काढली असेल तिथे विज्ञानाचाही इलाज नाही.

सगळ्यांत घातकी जंगाल. त्यातल्या तांब्यामुळे कागदाचे तंतू झपाट्याने कुजतात, पान तपकिरी पडतं आणि नेमकं हिरव्या भागातच तुटतं. काजळीच्या शाईचा काळा रंग मात्र कार्बनचा, म्हणून ती शतकानुशतकं काळीच राहते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाला खळ लावून तो घोटत, तेही शाईसाठीच: ती आत न फुटता वर बसावी.

औसा, उदगीर, कंधारचा हा नांदेड-लातूरचा भाग पुढे हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाचा कारभार एकोणिसाव्या शतकात बराच काळ फारसीत चालला. इथल्या जुन्या वाड्यांत म्हणूनच फारसी कागद निघतात. तुमच्या घरी निघाले, तर लॅमिनेशन करू नका आणि सेलोटेपही लावू नका. उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक कागदाला इजा न करता सोडवणं जवळजवळ अशक्य असतं.