टॉवर इथला, कंपनी दुसऱ्याची

लाखांदूर तालुक्यातली दिघोरी. लोकांच्या तोंडी मोठी दिघोरी. धान निसवायचे दिवस होते. एक काकाजी बांधीत उभे राहून ई-पीक पाहणी करत होते. गट नंबर भरला, पिकाचा फोटो निघाला, आणि मग पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. टॉवर तर समोर दिसत होता. मी तसं म्हणालो तर ते हसले. "टॉवर हाये ना भाऊ. पन त्याच्यावर आपली कंपनी नाही." मग आम्ही दोघं धुऱ्याधुऱ्याने उंचवट्याकडे निघालो. ते पुढे, फोन डोक्याच्या वर धरलेला.

टॉवर एकाचा, त्यावरची यंत्रं दुसऱ्याची, गिऱ्हाईक तिसऱ्याचं. या तिघांमधला हिशेब गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. दूरसंचारात त्याला होलसेल म्हणतात. भंडाऱ्याच्या माणसाला तो समजावून द्यायला राईस मिल पुरे. सरकारी खरेदीचं धान मिलवाल्याच्या मालकीचं नसतं. तो भरडाई करतो, क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत देतो आणि भरडाई घेतो. तांदूळ कोणाच्या रेशनकार्डावर गेला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मिल चालू राहिली पाहिजे, एवढंच. मोबाइल कंपन्यांनी मात्र वर्षानुवर्षं मिलही आपली, तांदूळही आपला आणि दुकानही आपलंच, असा हट्ट धरला.

तरी घाऊक व्यवहार होताच, अगदी पैशांत मोजलेला. एका कंपनीचा फोन दुसरीच्या गिऱ्हाइकाला लागला की पहिलीने दुसरीला मिनिटामागे आकार द्यायचा. १ ऑक्टोबर २०१७ पासून तो ६ पैसे होता, १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला. त्या सहा पैशांपायी २०१९ मध्ये एक गंमत झाली. कंपन्यांनी रिंग वाजण्याचा वेळच कापला. २५ सेकंदांत रिंग बंद झाली की पलीकडचा मिस्ड कॉल बघून स्वतः फोन लावणार, आणि सहा पैसे उलट्या खिशात पडणार. चिखलणीत गुडघाभर गाळात उभ्या माणसाने हात पुसून खिशातला फोन काढेपर्यंत रिंग संपलेली. शेवटी दूरसंचार नियामक ट्रायने नोव्हेंबरात मोबाइलची रिंग ३० सेकंदांची ठरवून दिली.

त्याआधीचं थ्रीजीचं प्रकरण तर थेट आपल्या सर्कलचं. मुंबई वेगळी, बाकी महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, त्यातच भंडारा. २०१० च्या लिलावात एअरटेलला इथला थ्रीजी स्पेक्ट्रम मिळाला नाही. म्हणून एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांनी आपसात करार केले: ज्याच्याकडे जिथे स्पेक्ट्रम नाही, त्याने तिथे दुसऱ्याचं जाळं वापरायचं. दूरसंचार विभागाने ते बेकायदा ठरवून दंड ठोठावला. एप्रिल २०१४ मध्ये दूरसंचार लवाद टीडीसॅटने विभागाचे आदेश रद्द केले. आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच विभागाने असंच रोमिंग स्वतःची योजना म्हणून सुरू केलं! डिजिटल भारत निधीच्या पैशाने उभ्या राहिलेल्या सुमारे २७ हजार फोरजी टॉवरांवर बीएसएनएल, एअरटेल, जिओ यांपैकी कोणाचंही सिम चालावं, अशी ती सोय. काल ज्याला चोरी म्हटलं ते आज धोरण झालं. मला यात चूक काही दिसत नाही, उशीर मात्र दिसतो.

मिल आणि दुकान वेगळं करण्याचा एक प्रयत्न याआधी फसला होता. ३१ मे २०१६ रोजी सरकारने आभासी ऑपरेटरांसाठी परवान्याचे नियम काढले. स्वतःचा टॉवर नाही, स्पेक्ट्रम नाही. दुसऱ्याकडून ठोकात मिनिटं आणि डेटा घ्यायचा, आपल्या नावाने विकायचा. ब्रिटनमध्ये व्हर्जिन मोबाइलने १९९९ पासून हे करून दाखवलं होतं. इथे मात्र विकण्याची सक्ती कोणावर नव्हती, आणि त्याच सप्टेंबरात जिओ आलं. किरकोळ दरच इतके कोसळले की ठोकवाल्याला मधे मार्जिन उरलं नाही. मेक्सिकोने दुसरं टोक गाठलं. ७०० मेगाहर्ट्झवर फक्त घाऊक विकणारं देशव्यापी जाळं, २०१८ पासून. २०२१ मध्ये ते चालवणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि पुढच्या वर्षी सरकारलाच बहुतांश हिस्सा घ्यावा लागला. मिल आहे आणि धान नाही, असं झालं.

म्हणून मला आशा वाटते ती हुकमापेक्षा गरजेतून आलेल्या घाऊक धंद्याची. कंपन्यांनी लोखंडाचा मोह आधीच सोडलाय. जिओचे सुमारे १ लाख ३५ हजार टॉवर २०२० मध्ये ब्रुकफील्डकडे गेले; त्याच वर्षी इंडस टॉवर्स आणि भारती इन्फ्राटेल एक झाल्या. टॉवर कंपनीचं गणित सोपं आहे. जागेचं भाडं, डिझेल, बॅटऱ्या, राखणदार यांचा खर्च एकदाच. वर भाडेकरू जितके, तितकी कमाई. फाइव्हजीत हीच वाटणी टॉवरच्या वरच्या थरात जाते. जाळ्याचा एक काप वेगळा राखून त्याचा वेग आणि खात्री ठरावीक गिऱ्हाइकाला विकता येते, त्याला स्लायसिंग म्हणतात. धानखरेदीच्या हंगामात केंद्रावरची नोंदणी अडू नये म्हणून असा काप कोणी घेतला, तर मला नवल वाटणार नाही. दुसरा माल म्हणजे खुद्द जाळ्याकडची माहिती. हा नंबर याच फोनमध्ये आहे का, सिम कालच तर बदललं नाही ना, हे बँकेला ओटीपीची वाट न पाहता कंपनीकडून विचारता येतं, आणि अशा प्रत्येक प्रश्नाचे पैसे लावता येतात. सप्टेंबर २०२४ मध्ये एरिक्सन आणि जगातल्या बारा मोबाइल कंपन्यांनी हाच माल विकायला सामाईक कंपनी काढल्याचं जाहीर केलं. त्यात एअरटेल आणि जिओ दोघंही आहेत. दुकानात भांडणारे दोघं ठोकात भागीदार.

दिघोरीसारख्या ठिकाणी माझ्या मते हिशेब उघड आहे. दुसरं, तिसरं जाळं इथल्या रिचार्जवर कधी सुटणार नाही. आहे त्या जाळ्यावर भरडाई घेणं सुटेल. पण २०२५ ची सोय सरकारी निधीच्या टॉवरांपुरती आहे. कंपनीने आपल्या पैशाने उभारलेल्या यंत्रांवर दुसऱ्याचं गिऱ्हाईक घ्यायचं की नाही, ही तिची मर्जी.

उंचवट्यावर एक दांडी आली, गेली. काकाजींनी मग फोनचं दुसरं सिम चालू केलं. ते त्यांनी धान विकायच्या नोंदणीसाठी घेतलेलं. दोन्हींचं रिचार्ज दर २८ दिवसांनी. जे भाडं कंपन्यांनी एकमेकींना द्यायचं, ते त्यांच्या खिशातून जातं. "आता पाहा," म्हणाले. चक्र थांबलं, नोंद गेली. त्यांनी फोन गमछ्यात गुंडाळून खिशात ठेवला आणि पाणी कुठवर आलं ते बघायला परत बांधीत उतरले.